दुसऱ्या घटकाचं नाव

श्रावण लागला की आमच्या चौलात दुपारी दोन वाजताही कंदील लावावा लागतो. पोफळींचे शेंडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांच्यावर आभाळ टेकलेलं असतं आणि घरात एक हिरवट काळोख साचून राहतो. समोर बसलेल्या माणसाचा आवाज येतो, चेहरा नीट कळत नाही. पुष्कळांना हे दिवस आवडतात. सणवार असतात, नारळीपौर्णिमा तोंडावर आलेली असते, परसात अळू माजलेलं असतं. मला मात्र तीन वर्षांपासून हे दिवस सोसत नाहीत. वर्गात मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असली की मी मध्येच थांबून विचारतो, "दिसतंय ना रे सगळ्यांना?" मुलं गालात हसतात. दर पाच मिनिटांनी तेच विचारणाऱ्या मास्तरांना हसणारच ती.

मी मुळात शाळामास्तर. बी.ए. झाल्यावर काही वर्षं मास्तरकी केली आणि मग शिक्षणशास्त्राच्या वरच्या पदवीसाठी मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे नाव घातलं. सदतीस साल होतं. प्राध्यापकांकडे अमेरिकेहून बोटीनं नियतकालिकं येत. माणसाची बुद्धी एकच एक असते की तिच्यात निरनिराळे घटक असतात, यावर तिकडे मोठी भवति न भवति चालली होती. आकडेमोड करून ते घटक वेगळे काढण्याची एक रीतही निघाली होती. प्राध्यापकांनी तो लेख माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या मुलांवर हे करून बघा. आपल्याकडे कुणी केलेलं नाही." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात असं काही शिरलं की पुढं सगळं वर्ष ते उतरलं नाही.

नऊ कसोट्या तयार केल्या. पाच तोंडी: मी म्हणतो ते अंक परत म्हणा, ऐकलेले शब्द आठवा, विरुद्ध अर्थाचा शब्द सांगा, तोंडी हिशेब करा, गोष्ट ऐकून उत्तरं द्या. चार कागदावरच्या: ओळीतलं ठरावीक अक्षर खोडा, चित्रात काय राहिलंय ते दाखवा, आकृती बघून तशीच काढा, चक्रव्यूहातून पेन्सिलीनं वाट काढा. चौल आणि मुरुडच्या शाळांतली मुलं मी फाल्गुनात तपासली. उघड्या पडवीत, लख्ख उन्हात. तळे गावाच्या अलीकडची दोन खेडी मात्र राहून गेली. तिथं मी पोचलो तो श्रावणात. खाडीतून मांदाडपर्यंत होडीनं, पुढं चिखलातून पायी, आणि छापील ताव मेणकापडात गुंडाळून छातीशी धरलेले.

त्यातल्या एका खेड्यातली शाळा म्हणजे देवळामागची एक लांबट खोली. तिथले धोंडोगुरुजी एकटेच चार इयत्ता सांभाळत. त्यांनी पहिल्याच दिवशी चौथीतली एक मुलगी पुढं केली. ठकू तिचं नाव. दहा-अकरा वर्षांची, कुणब्याची, केस तेलावाचून तांबूस झालेले.

"हिला ऐका तुम्ही," गुरुजी म्हणाले. "माझ्या मनात हिला सातवीच्या फायनलपर्यंत न्यायची हाय. पुढं पुण्याला मुलींच्या ट्रेनिंगला गेली तर ह्या गावची पहिली मास्तरीण व्हईल."

मी अंक सांगितले. तिनं परत म्हटले. एकेक वाढवत गेलो. आठ अंक झाले तरी ती चुकेना. मग म्हटलं, "आता उलटे म्हण." तिनं डोळे मिटले आणि सहा अंक उलटे असे म्हणून दाखवले, जणू कुणी वाचून दाखवतंय. बाकीची मुलं हसायला लागली तशी तीही हसली. चौल, मुरुड धरून इतकं चांगलं मला कुणीच करून दाखवलं नव्हतं.

दुपारी कागद वाटले. बाहेर पाऊस कोसळत होता. झड आत येते म्हणून खिडक्यांना गोणपाटं लावलेली. उजेड यायचा तो एका दारातून, तोही मळकट. ठकूनं कागद नाकाजवळ नेला. मग लांब धरला. मग उठली आणि कागद घेऊन दाराकडे चालायला लागली.

"ए, जागा सोडायची नाही," मी म्हणालो. कसोटीचा नियमच होता तसा. प्रत्येक मुलाला सारखी परिस्थिती हवी. ती मुकाट्यानं मागं आली आणि बसली. वेळ संपली तेव्हा तिच्या कागदावर दोन-तीन रेघा होत्या, त्याही भलतीकडे. आसपासच्या कितीतरी मुलांचे कागद तसेच होते. मला वाटलं, खेड्यातली मुलं, पेन्सिलीची सवय नाही, दुपारी पेंगतात.

घरी येऊन आकडेमोडीला बसलो. नऊ कसोट्या, त्यांच्या छत्तीस जोड्या. एकीत चांगला असणारा मुलगा दुसरीतही कितपत चांगला असतो, हे प्रत्येक जोडीचं काढायचं. माझी बायको यमुना मराठी सातवी झालेली. ती आकडे वाचून दाखवी, मी गुणाकार करी. मी थकलो की उलट. तिचे गुणाकार माझ्याहून कमी चुकत. या छत्तिसांतून मग घटक काढायचे. पहिल्यांदा जे हाती आलं ते नुसतं कडबोळं होतं. दोन घटक निघाले होते, पण प्रत्येक कसोटीचा भार, म्हणजे तिचा त्या घटकाशी किती संबंध तो आकडा, दोन्हींवर थोडाथोडा, आणि दुसऱ्यात निम्मे भार उणे. त्यातून काहीच अर्थ लागेना.

अमेरिकेच्या लेखात पुढची पायरी दिली होती. चौकटीच्या कागदावर दोन अक्ष काढायचे आणि प्रत्येक कसोटी तिच्या भारांप्रमाणे एक ठिपका म्हणून मांडायची. माझे नऊ ठिपके दोन घोळक्यांत पडले. पाच एकीकडे, चार दुसरीकडे, आणि अक्ष दोघांच्या मधून कुठून तरी गेलेला. आता पातळ कागदावर तसेच अक्ष काढून तो कागद ठिपक्यांवर ठेवायचा आणि मधोमध टाचणी रोवून हळूहळू फिरवायचा. मी फिरवत गेलो. एका जागी आल्यावर एक अक्ष पाच ठिपक्यांच्या घोळक्यातून गेला आणि दुसरा चारांच्या. मी जवळजवळ ओरडलोच. यमुना चुलीपुढून उठून आली.

"काय झालं?"

"हे बघ. जमलं."

नवीन भार मांडले. आता कोष्टक कसं स्वच्छ दिसत होतं! पहिल्या घटकावर पाच तोंडी कसोट्यांचे भार मोठे, बाकी चारांचे शून्याला टेकलेले. दुसऱ्यावर कागदाच्या चार कसोट्यांचे मोठे आणि तोंडी पाचांचे जवळजवळ शून्य. आता उरलं होतं ते फक्त नाव द्यायचं. कोष्टक एवढंच सांगतं की या चार कसोट्या एकमेकींच्या सोबतीनं चालतात. त्यांना कुणी एकत्र बांधलंय ते सांगत नाही. ते आपण ओळखायचं. पहिल्याला मी लगेच 'भाषा' म्हटलं. दुसऱ्याच्या चार कसोट्यांवर बोट ठेवत गेलो: अक्षर खोडणं, उणीव शोधणं, आकृती, वाट. सगळीकडे मन एका जागी रोवावं लागतं. मी लिहिलं, 'अवधान'.

यमुना कोष्टकाकडे बघत होती. "अवधान म्हणजे लक्षच ना?"

"हो."

"मग अंक परत म्हणायला लक्ष लागत नाही का? त्याच्यापुढं तर शून्य आहे."

त्या दिवशी मी हातातली लेखणी खाली ठेवली असती तर! पण मी म्हणालो, "ते ऐकण्याचं लक्ष. हे वेगळं. तुला नाही कळायचं त्यातलं."

ती उठली. भात बघायला गेली.

आता मला कळतं की नाव देताना मोठ्या आकड्यांकडे सगळेच बघतात. खरी परीक्षा शून्यांची असते. ज्या नावाला शून्यांचाही जबाब देता येत नाही ते नाव खोटं. आणि अक्ष फिरवले म्हणून ठिपके काही हलत नाहीत. ते होते तिथंच असतात, आपण फक्त आपली उभं राहायची जागा बदलतो. पण कोष्टक स्वच्छ दिसलं की माणसाला वाटतं, आता सत्यच दिसलं. मला तसंच वाटलं.

धोंडोगुरुजींनी निघताना सांगितलं होतं, "प्रत्येक पोराविषयी दोन ओळी लिहून धाडा. आम्हाला उपेग व्हईल." मी भाद्रपदात धाडल्या. ठकूविषयी लिहिलं: 'भाषा उत्तम. अवधान अत्यंत क्षीण. पुढील शिक्षणासाठी शिफारस करता येत नाही.' लिहिताना मला वाईट वाटलं होतं, तेही आठवतं. पण शास्त्रापुढं वाईट वाटून चालत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दसऱ्याला प्रबंध मुंबईला गेला. प्राध्यापकांनी कळवलं की काही मुलं पुन्हा तपासा, गुण स्थिर राहतात का ते पाहू. मार्गशीर्षात परत त्या खेड्यात गेलो. भात झोडून झालं होतं, खळ्यांवर कोंडा उडत होता, ऊन कोवळं आणि स्वच्छ. शाळेच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मी त्याच मुलांना त्याच कागदाच्या कसोट्या दिल्या आणि बघतच राहिलो. श्रावणात ज्यांनी भलतीकडे रेघा ओढल्या होत्या ती मुलं सरासर वाट काढत होती. लक्ष नाही म्हणून मी ज्यांच्यापुढं शेरा मारला होता, त्यांच्यातला एक जण तर सगळ्यांच्या आधी कागद घेऊन आला.

"ठकू कुठं आहे?" मी विचारलं.

गुरुजींनी मला बाजूला नेलं. मग म्हणाले, "तिला गोवर आली व्हती अश्विनात. डोळे गेले तिचे. दोन्ही."

काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "आधीपासून कमी दिसायचं का तिला?"

"रातांधळं म्हणताव? ते तर पावसात निम्म्या पोरांना असतं. जरा अंधारलं की दिसत न्हाय. दर्यातल्या होड्या बंद, मासळी न्हाय, घरात नाचणीची पेज न् मीठ. दिवाळीनंतर खाणं सुधारलं की उतरतं आपसूक."

"मला सांगितलं नाहीत, गुरुजी."

"तुम्ही इचारलं न्हाय. तुम्ही बुद्धी मोजाया आल्ते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, ती मुंबईच्या शिकलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मी शाळेच्या पायरीवर बसून कोष्टक आठवलं. चार कसोट्या डोळ्यांच्या. पाच कानांच्या. कानांच्या पाचही कसोट्यांपुढं शून्य. इतकं उघड होतं. माझा दुसरा घटक म्हणजे त्या श्रावणात त्या काळोख्या खोलीत कुणाला किती दिसत होतं, एवढंच होतं. चौल-मुरुडची मासळी खाणारी, उन्हात बसलेली मुलं एका टोकाला आणि ही मुलं दुसऱ्या टोकाला. मी टाचणीभोवती कागद फिरवून फिरवून ते अचूक वेगळं काढलं होतं, आणि मग त्यावर मुलांच्या दोषाचं नाव चिकटवलं होतं.

ठकूविषयी विचारायला तळ्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलत. "भाद्रपदात आणली असती तर चमचाभर माशाच्या तेलानं भागलं असतं. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. तुमच्या किनाऱ्यावर होड्यांना चोपडतात ना, तेच. अंगात तेवढी शक्ती असती तर गोवर डोळ्यांपर्यंत पोचली नसती. बहुतेक नसती." मग म्हणाले, "आई आणणार होती म्हणे तिला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून. पण कुणीतरी सांगितलं की डोळ्यांचं काही नाही, पोरीचं लक्षच नाही. मुंबईहून तपासून आलंय म्हणे."

त्यांना ठाऊक नव्हतं की ते कुणाशी बोलताहेत. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी ठकूच्या घरी जायचा धीर झाला नाही. परत आलो. यमुनेला सगळं सांगितलं. ती मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त प्रबंधाची प्रत काढली, ते कोष्टकाचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि आत गेली. मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं, प्रबंध मागं घेतो म्हणून. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं. मोठं समजुतीचं पत्र होतं. आकडे शाबूत आहेत, गणित बिनचूक आहे. दुसऱ्या घटकाचं नाव तेवढं बदला आणि एक तळटीप द्या. मी नाव बदललं. तळटीप दिली. पदवी मिळाली. त्याच पदवीवर आज मी हेडमास्तर आहे.

पौषात मुरुडला जाऊन तेल आणलं. किनाऱ्यावर इस्माईलचाचा म्हणून होड्या हाकणारे एक म्हातारे तांडेल होते, त्यांच्याकडे मागितलं. "होडीला पाहिजे काय?" त्यांनी विचारलं. मुलांना पाजायचंय, असं मी मान खाली घालून म्हटल्यावर ते हसले. "मग त्यात शरमता कशाला, मास्तर? आमच्या घरात पोर सुकलं की आम्ही हेच पाजताव. आमच्या दादीच्या वख्तापासून." त्यांनी डबा गच्च भरून दिला. वाटेत होडीतली माणसं वासानं तोंड फिरवून बसली. पुढच्या पावसाळ्यात धोंडोगुरुजींनी रोज प्रार्थनेनंतर प्रत्येकाला चमचाभर तेल दिलं. मुलं नाक धरून पीत. त्या वर्षी तिन्हीसांजेला कुणी ठेचकाळलं नाही, असं त्यांनी कळवलं.

पण तो डबा घेऊन पौषात गेलो होतो तेव्हाच ठकूच्या घरी गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बोटं भराभर चालत होती. आई भात पाखडत होती. मी कोण ते सांगितलं तशी आईनं सूप खाली ठेवलं.

"बाई," मी म्हणालो, "चूक माझी झाली. हिचं लक्ष चांगलंच होतं. हिला दिसत नव्हतं. मला ते कळलं नाही."

ती उठून माझ्यासमोर आली. मला वाटलं आता शिव्या देईल.

"तुमचा कागद आल्यापास्नं गुरुजी हिला कान धरून उभी करायचे," ती म्हणाली. "लक्ष दे, लक्ष दे म्हनून. हिचा बापूस बी मारायचा. ही म्हनते, मी लक्ष दिलं न्हाय म्हनून देवानं डोळे नेले. किती सांगितलं तरी ऐकत न्हाय. आता तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."

मी ठकूपुढं उकिडवा बसलो आणि सांगितलं. सावकाश, एकेक गोष्ट. तिचे हात थांबले. डोळ्यांवर पांढुरका पडदा आला होता, तरी तिनं मान माझ्या आवाजाकडे बरोबर वळवली होती.

"म्हंजे माझं लक्ष व्हतं?"

"होतं. सगळ्यांत जास्त होतं."

"लिवून द्याल?"

मी खिशातला कागद काढला. तिथंच गुडघ्यावर धरून लिहिलं की ठकूचं अवधान उत्तम आहे आणि आधी लिहिलं ते चूक होतं. खाली सही केली.

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं ते शब्दाला शब्द परत म्हटलं, आणि म्हणाली, "आनि फुडच्या शिकन्याचं? त्यात ते बी व्हतं. गुरुजींनी वाचून दाखिवलं व्हतं."

मी पुन्हा लेखणी टेकवली. पुढील शिक्षणासाठी शिफारस करतो, असं लिहिलं. तेही वाचून दाखवलं. तिनं कागद घेतला, त्याची घडी घातली, घडीवरून बोट फिरवलं आणि आईकडे दिला.

"कुठल्या साळेत?" तिनं विचारलं.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "चौकशी करून कळवतो."

मुंबईला अंधांच्या शाळांत चौकशी केली. दोन ठिकाणी केली. एका ठिकाणी बाहेरगावच्या मुलींची सोय नव्हती. दुसरीकडे म्हणाले, वय झालं. मग मी कळवतो कळवतो म्हणत राहिलो. धोंडोगुरुजींच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असते: ठकू इचारते, मास्तरांचं काय उत्तर आलं. मी अजून काहीच कळवलेलं नाही.